फडकं उचलायचं नाही

“लचका तोडायचाच काय तो बाकी ठेवलाय तुझ्या पोरीनं, आणि तू मला सांगतोस लहान आहे म्हणून?”

“मग काय म्हातारी आहे? पाच वर्षांची पोर ती. चावली. तू नव्हतीस मला चावली? खूण दाखवू?”

“दादा, मुद्द्याचं बोल.”

“मुद्द्याचंच बोलतोय. घराण्यातच आहे ते आपल्या.”

भट्टीवाल्यानं बाही वर सारली. दंडापर्यंत नुसता मैदा. खूणबिण काही दिसेना, तशी त्यानं बाही परत खाली ओढली आणि आणखीनच भडकला. बेकरीत पिठाचा मोठा गोळा फुगत ठेवून, एप्रनसुद्धा न सोडता, तो बालवाडीपर्यंत पळत आला होता. त्याला वाटलं होतं पोरगी पडली, डोकं फुटलं. हल्ली फोन वाजला की त्याचं काळीज आधी खाली पडायचं, मग तो फोन उचलायचा. आणि निघालं काय? चावा.

या बालवाडीत त्याची धाकटी बहीण शिकवायची. तिथं तिला सगळ्यांनी बाई म्हणायचं, तिच्या भाचीनंसुद्धा. उंबऱ्याच्या आत बाई, उंबऱ्याच्या बाहेर आत्या, असा कायदाच होता. भाची म्हणजे भट्टीवाल्याची मुंगी. मुंगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नाही. पण घरात सांडलेलं काहीही, बटण असो, शेंगदाणा असो, ही पोरगी उचलून कुठंतरी नेऊन साठवायची, म्हणून मुंगी.

चावा ज्यानं खाल्ला तो बाकावर बसला होता. गोल गरगरीत पोरगा, वर्गानं नाव ठेवलेलं बटाटा. मनगटाला ओला रुमाल गुंडाळून तो लढाई जिंकून आल्यासारखा सगळ्यांकडे बघत होता.

“मी काही नाही केलं,” तो म्हणाला. “मी नुसतं फडकं उचललं. आत बाळ होतं. पण ते बाळासारखं नाहीच आहे. वांग्यासारखं आहे.”

भट्टीवाल्याचा हात बाहीवरच थांबला.

“कसलं बाळ?”

“तेच तर सांगतेय मघापासून,” बहिणीचा आवाज एकदम खाली आला. “पण तुझं तोंड थांबेल तर ना. दादा, पोरीला तू काय सांगून ठेवलंयस?”

त्यानं तोंड फिरवलं. वर्गाच्या दारातून आत बघितलं.

त्या वर्गात बसायला चटया होत्या आणि मधोमध एक बुटकं, लांबलचक टेबल. टेबलावर कायम कणीक. खेळाची कणीक. बाहेरची माणसं हसायची, ही कसली शाळा, पोरं लाटतात काय, वळतात काय. बाई म्हणायची, हाताला कळलं की डोक्याला आपोआप कळतं, तुम्ही फक्त मध्ये लुडबुडू नका. पेन्सिल धरताना ज्यांची बोटं लुळी पडायची ती पोरं आधी कणकेचे साप वळायची. सापाला गाठ मारली, काना जोडला, झाला ‘अ’. सात गोळ्या बटाट्याला द्यायच्या, तीन परत मागायच्या, मग तो रडायचा, पण वजाबाकी त्याला जन्मभर विसरायची नाही. एका भाकरीचे दोन तुकडे, दोनाचे चार, म्हणजे अर्धा आणि पाव. ताटात डोंगर केला, त्यावरून पाणी ओतलं की नदी कुठून जाते ते दिसायचं. चिडलेलं तोंड, रडकं तोंड, झोपलेलं तोंड. ज्याला सांगता यायचं नाही तो करून दाखवायचा.

ही कणीक पुरवायचा भट्टीवाला. मैदा, ढीगभर मीठ, थोडं तेल, रंग. मीठ अशासाठी की नासत नाही, आणि पोरं एकदा चाटतात, दुसऱ्यांदा चाटत नाहीत. बटाटा सोडून.

आणि सगळा घोळ त्या कणकेतच झाला होता.

झालं असं की, दिवस भरायला बराच वेळ असताना एका पहाटे त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. पुरुषमाणसानं बाहेर थांबायचं. बाहेर म्हणजे एक लांबच लांब बाकडं आणि समोर भिंत. हात रिकामे ठेवून बसायची त्याला सवय नव्हती. बहिणीनं त्याला हाकललं, म्हणाली, तू इथं नुसता फेऱ्या मारून लोकांना चक्कर आणतोयस, जा, काहीतरी करून ये. तो बेकरीत गेला आणि शाळेची कणीक मळायला घेतली. डोकं दवाखान्यात, हात परातीत. हातांनी सवयीनं जे करायचं ते केलं. मीठ घातलं चिमूटभर, पावाला घालतात तेवढं, आणि घातलं खमीर. त्यात लाल रंग, निळा रंग, पिवळा रंग.

पोरांनी त्या दिवशी आपापलं नाव केलं, आकडे केले, ताटात ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर सगळ्यांची पोटं सुटलेली! इंग्रजी तीनचा आठ झाला होता. ‘क’ फुगून शेजारच्या ‘म’वर जाऊन बसला होता. बटाट्यानं केलेला बटाटा ताटाबाहेर निघाला होता. पोरं वेडी झाली नुसती. बाई आधी दादाच्या नावानं खडे फोडत बसली, मग तिनं त्याचाच धडा केला. खमिराचा एक गोळा, बिनखमिराचा एक. एक उन्हात, एक सावलीत. ओलं फडकं झाकून ठेवायचं. वाट बघायची. उबेत ठेवलेला टम्म फुगला. ज्याचं फडकं पोरं सारखी उचलत होती, बोटं खुपसत होती, तो फुस्सकन बसला. “बसला! बसला!” म्हणून सगळा वर्ग नाचला.

मुंगी नाचली नाही. ती एकटीच ताटाशी बसून राहिली. जे शिकायचं ते ती पुरेपूर शिकली.

कारण त्याच दिवसांत तिला भाऊ झाला होता. तळहातावर मावेल एवढा. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवला होता, आत ऊब, वरून जाड फडकं, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. मुंगीनं विचारलं, बाबा, बाळ पेटीत काय करतं? भट्टीवाल्याला काय सांगावं सुचेना. जे रोज बघतो तेच तोंडातून गेलं.

“फुगतंय,” तो म्हणाला. “लवकर काढलं ना बाहेर, कच्चं आहे अजून. उबेत ठेवलंय. छान फुगलं की आपण घरी आणू.”

“आणि फडकं?”

“फडकं उचलायचं नाही.”

मुंगीनं मान डोलावली. तिला सगळं कळलं. भट्टीवाल्याला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता, बघा. डॉक्टरला जे समजावता आलं नाही ते आपण चार शब्दांत समजावलं.

बाळ फुगलं नाही.

त्याला पोचवून आल्यावर घरात सगळे म्हणाले, बाळ गेलं. मुंगीनं विचारलं, कुठं गेलं? सगळे आपापल्या कामाला लागले. तिनं विचारलं, जाताना ‘येतो’ म्हणालं का? त्या घरात ‘जातो’ म्हणून कुणी बाहेर पडायचं नाही, ‘येतो’च म्हणायचं, मुंगी दारात आडवी पडून तसं म्हणायला लावायची. त्या प्रश्नावर तिची आई भिंतीकडे तोंड करून झोपली ती अजून तशीच होती. भट्टीवाल्यानं मुंगीला कोपऱ्यात घेऊन दम भरला, आईला काही विचारायचं नाही, कळलं? मुंगीनं त्यानंतर आईलाच काय, कुणालाच काही विचारलं नाही. त्याला वाटलं, चला, विसरली. लहान पोरं विसरतात.

आता ती खिडकीच्या कट्ट्याखाली बसली होती. पाठ भिंतीला, गुडघे छातीला. कट्ट्यावर ऊन येत होतं आणि उन्हात एक ताट होतं, त्यावर ओलं फडकं. ऊन सरकेल तसं ताट सरकवलेलं, कट्ट्यावर ओल्या बुडाच्या खुणा दिसत होत्या. फडकं वाळलं की ती नळाखाली भिजवून आणायची, असं बहीण म्हणाली. खायच्या सुट्टीत खायची नाही. सगळी पोरं साप वळत होती तेव्हा हिनं काही वळलं नाही. सगळ्यात मोठा गोळा उचलून तो घेऊन गेली होती.

“तिला सांग तू,” बहीण म्हणाली. “मी नाही सांगणार. मी सांगायला गेले तर ती म्हणाली, बाई, हळू बोला, हवा लागते.”

“बटाट्याची आई येईल, तिला आधी...”

“तिच्याशी मी बघते. दादा, पळू नकोस.”

“पळतोय कोण? बेकरीत पीठ उतू जाईल.”

“जाऊ दे.”

भट्टीवाला असा माणूस, की नाकावर माशी बसू देत नाही. मालकाशी भांडतो, वाण्याशी भांडतो, वजनाच्या काट्याशी भांडतो. पण त्या कट्ट्यापर्यंतची चार पावलं काही त्याच्यानं टाकवेनात. शेवटी तो गेला आणि पोरीशेजारी मांडी घालून बसला. एप्रनमधून मैदा उडाला. मुंगी शिंकली.

“का चावलीस गं?”

“त्यानं फडकं उचललं.”

“मग?”

“मग ते बसलं.” तिनं वर बघितलं नाही. “फुगत होतं. आता बसलं.”

भट्टीवाल्यानं फडक्याकडे हात नेला. मुंगीनं त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी, चांगला घट्ट.

“नको.”

“मी बघतो फक्त. माझं कामच आहे ते. रोज फुगलेलं बघतो ना मी? मला कळतं.”

तिनं विचार केला. बरोबर होतं ते. बाबाला कळतं. तिनं हात सोडला.

त्यानं फडक्याचा कोपरा उचलला. बटाटा खोटं बोलला नव्हता, वांग्यासारखंच होतं. निळं. पण डोकं होतं, पोट होतं, टाचणीच्या टोकानं काढलेले दोन मिटलेले डोळे होते आणि दोन हात अंगाला चिकटवलेले. पेटीतल्या बाळाचे असेच होते. ही पोरगी त्याला एकदाच बघायला गेली होती, तेवढ्यात तिनं हात कसे होते ते पाहून ठेवलं. पोटावर उभी चीर गेली होती. मीठ वर येऊन पांढरं दिसत होतं. ही खारी कणीक होती, नेहमीची. वर्ष ठेवली असती तरी ती तसूभर फुगली नसती.

त्याला धीर आला. इथं त्याला काहीतरी माहीत होतं.

“हे बघ मुंगे,” तो म्हणाला. “हे बटाट्यामुळं बसलं नाही. हे फुगतच नव्हतं. यात खमीरच नाही. फडकं उचला, नका उचलू, काही फरक पडत नाही. चाटून बघ. खारट आहे ना?”

तिनं चाटलं नाही. पण ऐकलं. ती अशी ऐकायला लागली की तिची भुवई एका बाजूनं वर जायची. अगदी तिच्या आईसारखी.

“म्हणजे फडक्यामुळं नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“अगं, नक्की.”

“मग मी उचललं होतं, त्यामुळं पण नाही?”

“तू कुठं उचललंस? बटाट्यानं उचललं ना?”

“हे नाही.” ती आपल्या पायाच्या अंगठ्याशी बोलत होती. “पेटीवरचं. नर्सबाई पाणी प्यायला गेली तेव्हा. थोडंसंच. मला बघायचं होतं फुगलंय का. मग मी लगेच टाकलं. पण हवा गेली आत.”

भट्टीवाल्याच्या कानात भट्टीचा पंखा फिरावा तसा आवाज व्हायला लागला.

म्हणजे एवढे दिवस. एवढे दिवस ही पोरगी हे पोटात घेऊन ताटावर बसून जेवली, दप्तर पाठीला लावून शाळेत आली, रात्री त्याच्या कुशीत झोपली. आणि तो म्हणत होता, विसरली.

“नाही,” तो म्हणाला. “नाही, नाही, नाही. मुंगे. त्यामुळं नाही.”

“पण तू म्हणालास, फडकं उचलायचं नाही.”

“म्हणालो.”

“मी उचललं. मग ते गेलं.”

“त्यामुळं नाही गेलं.”

मुंगीनं कट्ट्यावरच्या निळ्या बाळाकडे बघितलं, मग बाबाकडे. बाईनं तिला शिकवलं होतं, दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि काय सारखं आहे ते शोधायचं.

“मग आपल्या बाळात पण खमीर नव्हतं?”

तिची भुवई परत वर गेली.

“आई घालायला विसरली?”

दारात उभ्या बहिणीनं तोंडाला पदर लावला. भट्टीवाल्याला दिसलं की आपण एका खड्ड्यातून पोरीला काढून दुसऱ्यात टाकतोय, आणि दुसऱ्यात आधीच तिची आई पडलेली आहे, भिंतीकडे तोंड करून. हे पीठ आपणच भिजवलं. आता कितीही मीठ घाला, कितीही पाणी घाला, हे नीट होणार नाही. टाकून द्यायला हवं.

“बाळ कणीक नव्हतं,” तो म्हणाला.

“हं?”

“मी खोटं बोललो. मला काय सांगावं कळलं नाही, म्हणून मी पिठाचं सांगितलं. माणसाचं बाळ पिठासारखं नसतं. फुगत नसतं, बसत नसतं. त्यात कुणी काही घालत नाही, म्हणून कुणी विसरत पण नाही. आई नाही विसरली. तू काही नाही केलंस. फडकं उजेडासाठी होतं, त्याचे डोळे दुखू नयेत म्हणून. तू उचललंस तेव्हा...” त्यानं फडक्याचा कोपरा सरळ केला. “तू उचललंस तेव्हा तुला दिसलं ते. त्याला तू दिसलीस. एवढंच झालं.”

“झोपलं होतं.”

“बरं, झोपलं होतं.”

“मग गेलं कुठं?”

गेलं, गेलं, गेलं. सगळ्या घरानं मिळून हा एकच शब्द त्या पोरीच्या अंगावर टाकला होता. गेलेलं माणूस येतं, एवढं तर तिला कळत होतं.

“मेलं,” भट्टीवाला म्हणाला.

हा शब्द त्यानं अजून उच्चारला नव्हता. बायकोपाशी नाही, बहिणीपाशी नाही, एकट्यानंसुद्धा नाही. तो बाहेर पडला तसा त्याला स्वतःलाच तो आत्ता पहिल्यांदा कळला. त्यानं एप्रनचं टोक तोंडात कोंबलं. मोठं माणूस पोरांच्या वर्गात रडायला लागलं की पोरं काय करतात? ती जवळ येऊन बघतात. पाच-सहा जण आले, उभे राहिले. बटाट्यानं मनगटाचा रुमाल सोडला आणि भट्टीवाल्याच्या मांडीवर ठेवला.

“ओला आहे,” तो म्हणाला, “पण चालेल.”

मुंगी रडली नाही. तिचं तोंड मात्र वळलेल्या कणकेसारखं एका बाजूनं ओढलं जायला लागलं.

“मेलं म्हणजे परत नाही?”

“परत नाही.”

“उबेत ठेवलं तरी?”

“तरी.”

ती उठली. तिनं ताट पुढं ओढलं आणि फडकं पूर्ण काढलं. सगळ्यांना दिसेल असं. मग पोटावरची ती चीर तिनं बोट ओलं करून, दाबून दाबून बुजवली. बुजली, की शेजारी दुसरी पडायची. भट्टीवाल्याला ठाऊक होतं, खारी कणीक भाजली की दगडासारखी होते, वर्षानुवर्षं राहते. ‘भट्टीत’ हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथंच जळून गेला. बाळाला पोचवून आल्यापासून भट्टीचं दार उघडताना तो मान वळवत होता, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

“हे आईला दाखवू?” मुंगीनं विचारलं.

आईला काही विचारायचं नाही, असा दम त्यानंच भरला होता.

“दाखव,” तो म्हणाला. “आणि विचारायचं ते विचार. ती रडेल. रडू दे.”

“ती भिंतीकडे बघते.”

“मग भिंतीकडच्या बाजूला जाऊन बस.”

तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन वाजला. बेकरीतून. बहिणीनं दारातून हात हलवला, घेऊ नकोस म्हणून. त्यानं घेतला नाही. तो वाजत राहिला, मांडीवर थरथरत राहिला, थांबला, परत वाजायला लागला.

“बाबा, जा तू,” मुंगी म्हणाली. “तुझं पीठ बसेल.”

“बसू दे.”

“नको.” ती अजून ती चीर बुजवत होती, निळं बोट, निळं नख. “त्यात खमीर आहे.”

तो उठला. गुडघ्यांवर मैद्याचे दोन पांढरे गोल उठले होते. ती दारात आडवी पडली नाही, काही म्हणायला लावलं नाही, मागं वळूनही बघितलं नाही. उंबऱ्यापाशी तोच थांबला, वाट बघितली, घसा खाकरला.

“येतो गं,” तो म्हणाला. “येतो. आता निघायलाच हवं मला.”